जॅक वर गेला, गाडी तिथंच

जॅकचा दांडा मी दहा-बारा वेळा फिरवला असेल. जॅक वर चढत होता, हे डोळ्यांना दिसत होतं. गाडी मात्र बोटभरही उचलली गेली नाही. मग ‘कर्र’ असा आवाज झाला, वाळलेल्या केळीच्या पानावर पाय पडावा तसा. जॅकचं डोकं दाराखालच्या पत्र्याच्या पेटीच्या, म्हणजे सिलच्या, पोटात घुसलं होतं आणि भोकातून तांबूस-पांढरा भुगा माझ्या मनगटावर सांडत होता.

माझा पोऱ्या हसला. मी त्याला एक शिवी हासडली, जॅक उतरवून बाजूला ओढला आणि भोकात बोट घातलं. आत ओल होती. 2024 चा मे महिना, पारा 45 च्या आसपास, आणि दीड वर्ष जागची न हललेल्या गाडीच्या पोटात ओल.

गाडी मारुती ओम्नी, 2009 ची, एमएच 19. गाव सावद्याजवळचं. मालक नाना, केळीचे बागाईतदार. ते गेले तेव्हापासून गाडी खळ्यात निंबाखाली उभी. मुलगा पुण्याला नोकरीला, आठ दिवसांची रजा टाकून आलेला. खासगी गाडीला 15 वर्षं भरली की आरटीओत पुन्हा पासिंग करावं लागतं, ते झालं की पुढची 5 वर्षं मिळतात. काकूंना गाडी विकायची नव्हती. ब्रेक जाम, टायर बसलेले, भुसावळला माझ्या डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानापर्यंत ओढून न्यायचं म्हणजे वाटेत आणखी दोन वस्तू गळायच्या. मी घरी जाऊन काम घेत नाही. दुकानात हात लांब केला की हत्यार सापडतं. दुसऱ्याच्या खळ्यात एक पाना विसरला की भुसावळची फेरी. पण नाना जुने गिऱ्हाईक. गेलो.

मुलाचं म्हणणं, “भाऊ, पासिंगपुरतं करून द्या.” हा शब्द मी 22 वर्षं ऐकतोय. पासिंगपुरतं म्हणजे भोकात रद्दी कोंबायची, वर जाळी, जाळीवर पुट्टी, पुट्टीवर रंग. पासिंगचे साहेब चेसिस नंबर बघतात, दिवे बघतात, हॉर्न वाजवून बघतात. गाडीखाली वाकून पाहिलेला साहेब मला एकदाच भेटला, आणि तेव्हा त्याचा पेन खाली पडला होता. आमच्या धंद्यातले निम्मे लोक या रद्दीवरच जगतात. पुट्टी पाणी पिते, हे त्यांनाही ठाऊक असतं. वरून आरशासारखी चमकणारी गाडी दोन पावसाळ्यांत त्याच जागी फोड आल्यासारखी फुगते, तोवर पेंटरनं मोबाइल नंबर बदललेला असतो.

कोकणातली गाडी कुजते ते समजतं, तिथं हवाच खारी. खानदेशात कोरड्या हवेत पत्रा खरं तर टिकायला हवा. माझ्याकडे येणाऱ्या डॉक्टर-मास्तरांच्या गाड्या टिकतातही. कुजतात त्या केळीवाल्यांच्या. कारण खत. केळीला पोटॅश भरपूर लागतं, आणि आपण पोटॅश म्हणतो ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे मिठाचंच भावंड. त्यात युरिया, तो हवेतली ओल ओढून घेतो. गोणी फाटते, दाणे सांडतात, सरकत्या दाराच्या खालच्या रुळात जाऊन बसतात, मग कुणीतरी हौसेनं पाइप लावून गाडी आतून धुतो आणि ते सगळं पाण्याबरोबर सिलमध्ये उतरतं. वरती समुद्र नाही, पण खाली तुम्ही मिठागर मांडलेलं असतं. नानांनी या ओम्नीत पोटॅश वाहिलं, ठिबकच्या नळ्यांची बंडलं वाहिली, केळीचे घड वाहिले, नातीला शाळेत सोडलं आणि काकूंना अधिक महिन्यात पंढरपूरही दाखवलं.

पण नुसत्या खतानं एवढं होत नाही, म्हणून मला राग येत होता. सिल म्हणजे पत्र्याची बंद पेटी. ओम्नीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. या दोन पेट्या, मधली फरशी आणि आडव्या पट्ट्या, हाच गाडीचा कणा. पेटीत पाणी जाणारच, हे कंपनीलाही माहीत असतं, म्हणून तळाला पाणी उतरायला भोकं ठेवलेली असतात. हातोडीनं वाजवत गेलो. चांगला पत्रा ठण् म्हणतो, कुजलेला भद् करतो. मधल्या खांबापासून मागच्या चाकापर्यंत सगळं भद्. ग्राइंडरनं खालची बाजू उघडली तर आत चार बोटं चिखल, कढईला लागलेल्या करपट बेसनासारखा पापुद्रे धरलेला, वर खताची पांढरी साय. आणि तळाची भोकं? एकही उघडं नाही. प्रत्येकात काळ्या डांबरी कोटचा बूच. गंज लागू नये म्हणून खालून फवाऱ्याच्या बंदुकीनं कोट मारताना तो भोकातून आत गेला होता आणि आतल्या बाजूनं खिळ्याच्या माथ्यासारखा पसरून घट्ट बसला होता. एक बूच मी स्क्रूड्रायव्हरनं उचकटला. त्यावर बोटाची रेघ होती. म्हणजे ओला असताना कुणीतरी बोटानं दाबून नीट बसवला होता.

“कोण गाढव होता हा?” मी मोठ्यानं म्हणालो. मुलगा जवळ उभा होता. मग मी त्याला चांगली पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. आजकालच्या पोरांना कोट मारायच्या आधी भोकांना टेप लावायची अक्कल नाही. कोट वाळतो, वर्षा-दोन वर्षांत त्याला तडे जातात, तड्यातून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नाही. म्हणजे गंज थांबवायला पैसे द्यायचे आणि गंज मुक्कामाला ठेवून घ्यायचा. माझे उस्ताद म्हणायचे, “पहले पानी का रस्ता देख, पत्रा बाद में.” हेही त्याला सांगितलं. तो मान डोलवत होता. काकू ओट्यावरून ओरडल्या, “कसाले एवढा जीव काढता त्या डब्याचा? चहा घ्या आधी.”

चहा घेताना मुलानं पासिंगचे कागद दाखवायला पिशवी आणली. नानांची पिशवी म्हणजे सराफी पेढी. आरसी, विमे, पीयूसी, बॅटरीची वॉरंटी, टायरची पावती, सगळं वर्षावार टाचण्या लावून. आरसी काढताना मागून एक गुलाबी कागद सरकला. माझ्या दुकानाचं बिल. जून 2017. अक्षर माझंच, पोऱ्याचं नाही. ‘खालून पूर्ण काळा कोट, कुठेही फट ठेवली नाही. 1,800 रु.’

मला तो दिवस आठवला. पावसाळ्याआधीची गर्दी, दिवसाला तीन-तीन गाड्या. नाना स्टुलावर बसून बघत होते आणि म्हणाले होते, “फट राहू देऊ नका बरं, आपल्याकडं खताची गाडी.” आणि मी, गिऱ्हाइकासमोर जरा जास्तच झोकात, बोटानं एकेक जागा दाबून दाखवली होती. बिलावर ते वाक्यही त्यांच्या समाधानासाठीच लिहिलं होतं. उस्तादांचं वाक्य तेव्हाही पाठ होतं.

बिल मी आरसीच्या मागं सरकवलं आणि चहा संपवला. मुलाला इतकंच म्हणालो, “पासिंगपुरतं होणार नाही. पेटी कापावी लागेल.” त्यानं खर्च विचारला. मी आकडा सांगितला तो फक्त पत्रा, गॅस आणि रंगाचा. मजुरी धरली नाही. त्याला वाटलं, वडिलांच्या ओळखीपोटी.

पुढचे पाच दिवस मी आयुष्यात केलं नसेल इतकं चोख काम केलं, हे सांगताना मला संकोच नाही. पेटी कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाकून वेल्डिंगचे टाके मारले. हे न करता कापलं की गाडी मधून बसते आणि सरकतं दार पुन्हा जन्मात लागत नाही. बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडल्या, पेट्रोलची टाकी उतरवून निंबापलीकडं ठेवली, भिजवलेलं बारदान आणि बादली हाताशी. कुजलेलं संपलं तिथं न थांबता चांगल्या पत्र्यात इंचभर आत कापलं. मापाला पुठ्ठा नव्हता; काकूंनी लग्नपत्रिकांचा गठ्ठा दिला. मे महिना, पत्रिकांना तोटा नाही. जाड पत्रिकेवर गणपतीच्या डोक्यावरून कात्री चालवताना पोऱ्याचा हात अडखळला, तर तेवढा कोपरा काकूंनी कापून देवघरात नेऊन ठेवला.

पत्रा 20 गेज सीआर घेतला, म्हणजे बिनमुलाम्याचा. जीआय पुष्कळ जण वापरतात, जस्ताचा मुलामा आहे म्हणून. पण वेल्डिंगला जस्त जळून पांढरा धूर होतो, तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरते, आणि जोडाजवळचा मुलामा तर गेलेलाच असतो. वाकवायला मशीन नाही, म्हणून दोन अँगलांमध्ये पत्रा आवळला आणि लाकडी मोगरीनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू घडी पाडली. एका जागी जोरात मारलं की पत्रा ताणला जातो आणि पोट काढतो.

खरी परीक्षा विजेची. सकाळी 11 नंतर गावातले कूलर सुरू झाले की व्होल्टेज इतकं पडायचं की मशीनची तार वितळण्याऐवजी नुसती पत्र्यावर टोचायची. म्हणून वेल्डिंग पहाटे 5 ते 9 आणि रात्री जेवणानंतर. त्यात टाक्याला हवेपासून झाकणारा सीओटू मशीनचा गॅस वाऱ्यानं उडतो आणि टाक्यात सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. म्हणजे पंखा नाही, कूलर नाही, चारी बाजूंनी ताडपत्री, आत मी, अंगात जाड सदरा, तोंडावर काच. इंचभर अंतरावर एक टाका, मग दुसऱ्या टोकाला एक, मग मधे. सलग रेघ ओढली की पातळ पत्रा पापडासारखा वळतो. टाका घातला की तळहात ठेवून बघायचा. हात ठेवता आला तर शेजारचा. एका बाजूच्या पेटीला दोन रात्री गेल्या.

जोड घासून सपाट केले, गंजमाऱ्या लावला, तांबडं काळपट झालं की पुसून इपॉक्सी प्रायमर. पुट्टी लागली ती एका जागी, नखाएवढ्या जाडीची. तीही पहाटेच, कारण दुपारी पत्रा इतका तापतो की हार्डनर कालवून पातीवर घेईपर्यंत पुट्टीचा दगड होतो. रंगाचंही तेच. उन्हात फवारा गाडीवर पोचायच्या आधीच वाळतो आणि हाताला वाळूसारखं लागतं. संध्याकाळी खळ्यात पाणी शिंपडून, धूळ बसवून, हळू वाळणारं थिनर घालून दोन हात मारले. पांढराच रंग, नानांना दुसरा चालत नव्हता.

चौथ्या दिवशी काकूंनी भरीत केलं होतं, कळण्याच्या भाकरीबरोबर. वाढता वाढता म्हणाल्या, “त्यायचा तुमच्यावर लय भरोसा. खालचं काम भुसावळच्या भाऊनं केलं, आता बघायचं काम नाही, असं म्हनायचे.” मी खाली बघून जेवलो. मुलगा मोबाइलवर होता.

शेवटच्या दिवशी रंग हाताला लागेनासा झाल्यावर मी गाडीखाली शिरलो आणि नव्या पेटीच्या तळाला 8 एमएमच्या बिटनं भोकं पाडायला घेतली. सगळ्यात खालची जागा शोधून, दर वीतभर अंतरावर. भोकाच्या कडांना बारीक ब्रशनं प्रायमर, आणि आत नळीनं पातळ मेण.

मुलगा वाकून बघत होता. “भाऊ, एवढा नवा पत्रा बसवला, आणि आता भोकं पाडता?”

“पाणी उतरायला.”

“मग आधी नव्हती का?”

“होती. बुजली होती.”

“कशानं?”

ड्रिल माझ्या हातात सुरूच होतं. मी पुढचं भोक पाडायला घेतलं. ते झालं, त्याच्या पुढचंही झालं. बाहेर आलो तोवर तो पाण्याचा पाइप जोडायला गेला होता. दाराच्या रुळात पाणी सोडून बघितलं; सगळ्या भोकांतून धार लागली, खळ्यातल्या मातीत ओळीनं ओले ठिपके पडले. काकू बघायला आल्या.

जूनमध्ये पासिंग झालं. साहेब वाकले नाहीत. आठवड्यानं मुलाचा पुण्याहून फोन, पासिंगचे कागद त्या पिशवीत लावले म्हणून. आणि पावसाळ्याआधी नाना खालून काळं मारून घ्यायचे तसं मारून घ्यायचं का, आई विचारते. मी म्हणालो, सध्या नको. त्यानं का विचारलं नाही. गुलाबी कागद त्यानं पाहिला की नाही, ते त्याच्या आवाजावरून कळलं नाही.