बुलियनचा गुलाब आणि फुलीतला पाऊण टाका: माझा अनुभव

बुलियन टाका, म्हणजे सुईवर दोऱ्याचे वेढे घेऊन केलेला उठावदार टाका, अडला की आधी सुई बघा. भरतकामाच्या नेहमीच्या सुईचं नेढं दांड्यापेक्षा जाड असतं. दहा-बारा वेढे घेतले की ते तिथे येऊन अडतात, आपण जोर लावतो आणि वेढे एकमेकांवर चढतात. मिलिनर सुईचं नेढं दांड्याइतकंच जाड असतं, म्हणून वेढे सरळ सरकतात. तीन पदरांसाठी मी ५ नंबरची घेते. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. नागपूरच्या बाजारात, बर्डीवर किंवा इतवारीत, सामान घेताना सुई चिमटीत धरून टोकापासून नेढ्यापर्यंत बोट फिरवायचं. नेढ्यापाशी फुगवटा लागला तर ती या टाक्याला उपयोगाची नाही.

उशीच्या अभ्र्याच्या कोपऱ्यात गुलाब आणि कडेला फुलीच्या टाक्याची (क्रॉस स्टिचची) वेल असं काम असेल तर मी वेल आधी संपवते. गुलाब उठावदार असतो, पुन्हा रिंग (कापड ताणून धरणारी गोल चौकट) लावली की दबतो.

गुलाबासाठी रिंगचा स्क्रू थोडा सैल करते. या टाक्यात सुई कापडातून तिरकी उचलावी लागते, आणि ताणलेलं कापड ते करू देत नाही. दोरा पाकळीच्या एका टोकाला वर काढायचा, सुई दुसऱ्या टोकाला खाली घालायची आणि तिचं टोक पहिल्याच भोकाशी, दोऱ्याला न चिरता, वर आणायचं. सुई पूर्ण ओढायची नाही. आता टोकावर वेढे. सगळ्या वेढ्यांची मिळून लांबी उचललेल्या कापडाइतकी झाली की पाकळी सरळ बसते. तीन-चार वेढे जास्त घेतले की ती वाकते, आणि गुलाबाला तेच हवं असतं. वेढे एकाला एक लागून पण सैलसर हवेत, सुई त्यांच्यात फिरवता आली पाहिजे. फिरत नसेल तर ती ओढूही नका, टोकाकडून उलगडून परत घ्या.

सगळा टाका डाव्या अंगठ्यावर आहे. वेढे अंगठा आणि तर्जनीत हलके दाबून सुई बाहेर काढायची, दोरा आधी आपल्याकडे आणि मग पाकळीच्या दुसऱ्या टोकाकडे ओढायचा. मधे एखादा वेढा सैल राहिला तर सुईचा दांडा वेटोळ्याखाली घालून पुढेमागे चोळायचा, वेढे सारखे होतात. मगच दुसऱ्या टोकाला सुई खाली. वेढे घेताना दोऱ्याचे पदर सुटे होऊ लागले तर दिशा चुकीची आहे. उलट बाजूने गुंडाळायचं. नव्या दोऱ्यावर हे आधी चिंधीवर बघून घ्यावं.

मधे गडद रंगाचे सात वेढ्यांचे दोन टाके शेजारी शेजारी. त्यांच्याभोवती मधल्या छटेच्या पाच पाकळ्या, दहा-अकरा वेढ्यांच्या. प्रत्येक पाकळी आधीच्या पाकळीच्या मध्यापासून सुरू करायची, नाहीतर फटी दिसतात. बाहेरची रांग फिकट, तेरा-चौदा वेढ्यांची.

फ्रेंच नॉटला, म्हणजे सुईवर वेढा घेऊन केलेल्या छोट्या गाठीला, उलट रिंग ढोलकीसारखी घट्ट लागते. गाठ मागे निघून जाते ती बहुधा त्याच भोकात सुई परत घातल्यामुळे. कापडाचे एक-दोन धागे सोडून घाला. सुई खाली ढकलण्याआधी वेढा कापडापर्यंत ओढून बसवायचा आणि दोरा शेवटपर्यंत डाव्या हातात ताणून धरायचा. गाठ मोठी हवी असेल तर पदर वाढवा. वेढे वाढवले की ती एका बाजूला कलंडते.

आता फुलीची वेल. मॅटी, म्हणजे फुलीकामाचं घरांचं कापड, सुटी कापून घेताना पट्टी जवळ ठेवा आणि एका इंचात किती घरं आहेत ते उभी आणि आडवी दोन्हीकडे मोजा. दोन्ही आकडे सारखे नसतील तर गोल फूल लांबट होणार. १४ काउंटच्या, म्हणजे इंचाला १४ घरं असलेल्या, आयडा कापडावर ११२ टाक्यांची वेल बरोबर ८ इंच भरते. चारी बाजूंना दोन-तीन इंच जास्त ठेवा. या कापडाला दोन पदर आणि बोथट टोकाची २४ नंबर सुई लागते, ११ काउंटला तीन पदर. दोन पदरांसाठी एकच पदर दुप्पट लांब, साधारण ९० सेंटिमीटर, कापून दुमडायचा. दोन्ही टोकं नेढ्यात घालून पहिला टाका मागच्या फासात अडकवला की गाठीची गरज उरत नाही.

पानांच्या टोकाशी पाऊण टाका येतो आणि तिथे बरेच जण नमुना सोडून देतात. अडचण एवढीच की आयडाच्या घराच्या मध्यावर भोक नसतं आणि बोथट सुई तिथे शिरत नाही. तेवढ्यापुरती टोकदार सुई घ्या. कोपऱ्यातून मध्यापर्यंत छोटा पाव टाका, मग त्यावर पूर्ण तिरका टाका. एका घरात दोन रंग असतील तर जो आकार पुढे दिसायला हवा त्याला पाऊण, मागच्याला पाव. कडेची एकपदरी उलटटीप सगळ्या फुल्या झाल्यावरच घाला. तिरकी रेघ तीच सरळ करते. पूर्ण फुल्यांत वरचा पाय सगळीकडे एकाच दिशेला हवा, नाहीतर उजेडात ठिपके वेगळे चमकतात.

नागपूरचा उन्हाळा या कामात आडवा येतो. घामाने सुई चिकटते, म्हणून हात धुऊन कोरडे करायचे, दर थोड्या वेळाने. कूलरच्या दमट हवेत सुई कापडात टोचून ठेवली तर गंजाचा डाग पडू शकतो, आणि तो निघता निघत नाही. उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या पेनने नक्षी काढली असेल तर मे महिन्यात कापड गाडीच्या डिकीत ठेवू नका, रेघ नाहीशी होऊ शकते. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनची शाई उलट इस्त्रीने पक्की बसते. ती आधी थंड पाण्याने काढा.

लाल आणि गडद दोऱ्यांचा रंग आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून तपासा. इस्त्री करताना जाड टॉवेल पसरून काम त्यावर पालथं घाला आणि मागूनच फिरवा, म्हणजे गुलाब टॉवेलात रुततो आणि चपटा होत नाही.