टेफ्लॉन शीट, बटर पेपर आणि गोविंदांचे पांढरे टी-शर्ट

चिपळूणला आमच्या पडवीत हीट प्रेस, म्हणजे तापल्या प्लेटने दाबून टी-शर्टवर चित्र उमटवायचं मशीन आलं, तेव्हा खोक्याच्या तळाशी एक तपकिरी, गुळगुळीत शीट निघाली. पॅकिंगमधलीच काहीतरी असेल म्हणून मी ती बाजूला टाकली. ह्यांनी तर तिच्यावर चहाचा कप ठेवला.

पहिला टी-शर्ट काळा, कॉटनचा, छातीवर वाघ. डीटीएफमध्ये चित्र आधी प्लॅस्टिकच्या फिल्मवर गोंदासकट छापलेलं असतं, ते दाबून कापडावर उतरवायचं. तशी फिल्म दाबली, गार झाल्यावर सोलली, सगळं छान. त्यानंतर पुन्हा पाच-सात सेकंद दाबलं की प्रिंट कापडात पक्कं बसतं, हे व्हिडिओत पाहिलं होतं. मधे शीट ठेवायची, हे मात्र नजरेतून सुटलं. हँडल उचललं तर वाघाचा अर्धा जबडा वरच्या प्लेटला लोंबतोय! ह्यांनी स्वयंपाकघरातून उलथनं आणलं आणि मी "नको, नको" म्हणेपर्यंत खरवडलंसुद्धा. तो ओरखडा आजही प्लेटवर आहे. प्लेट कोमट असताना जाड सुती फडक्याने पुसली की गोंद निघतो, हे नंतर कळलं.

मग चहाचा डाग पुसून ती शीट वापरात आली. काचेच्या धाग्यांचं कापड आणि त्यावर नॉनस्टिक तव्याला असतं तेच टेफ्लॉन. सासूबाईंना धास्ती, तव्याचा धूर विषारी असतो म्हणतात. मी वाचून त्यांना सांगितलं, ती २६० अंशांपर्यंत बिनघोर चालते आणि आपलं मशीन २०० च्या वर मी नेतच नाही. तरी मशीन सुरू झालं की त्या मागच्या दारी जाऊन बसतात.

खरी फजिती दहीहंडीच्या आधी झाली. एका गोविंदा पथकाचे साठ टी-शर्ट होते: पांढरे, पॉलिएस्टरचे, सब्लिमेशन प्रिंट, म्हणजे कागदावर छापलेली शाई तापवून कापडात उतरवायची. पाठीवर मोठं नाव, पुढे छातीवर डाव्या बाजूला छोटा लोगो. पावसाळी हवेत कापड दमट असतं म्हणून आधी पाच सेकंद नुसतंच दाबून वाफ काढायची, मग १९५ अंशांवर पन्नास सेकंद. नऊ टी-शर्टच्या पाठी झाल्या, मग त्याच नऊंच्या पुढच्या बाजू घेतल्या. घड्या घालताना पाहिलं, तर छातीवर लोगोशेजारी फिकट निळं, भुतासारखं पथकाचं अर्धं नाव!

सब्लिमेशनची शाई तापली की वितळत नाही, थेट वायू होते आणि पॉलिएस्टरमध्ये शिरते. त्यातली थोडी वर कागदातूनही निसटते आणि टेफ्लॉन शीटवर जाऊन बसते. पाठीच्या वेळी काही कळलं नाही, कारण प्रत्येक वेळी मोठा कागद तिथेच, त्याच जागी. लोगोचा कागद तळहाताएवढा. त्याच्या बाहेरचं पांढरं कापड उघडं, वरून शीट पुन्हा तापली आणि बसलेली शाई खाली उतरली. पुसून काही उपयोग नाही.

म्हणजे मधे काहीतरी असं हवं, जे एकदा वापरून टाकता येईल. वाण्याकडून बटर पेपर आणला. खराब झालेल्या नऊंपैकी एकावर आधी दाबून पाहिला, हेच माझं नशीब. पडवीभर मेणबत्तीचा वास आणि टी-शर्टवर तेलाचे वाटावेत असे डाग. तो मेणकागद होता! मेण साठ अंशांच्या आसपासच वितळतं.

त्या रात्री जाऊबाई नानकटाई द्यायला आल्या. मशीनसमोर बसलेलं माझं तोंड पाहून म्हणाल्या, "अगं, मी केकच्या भांड्याला लावते तो कागद नेऊन बघ की." त्यांच्या गुंडाळीच्या खोक्यावर २२० अंश लिहिलेलं. सिलिकॉन लावलेला बेकिंगचा कागद. एक वर, एक टी-शर्टच्या आत, कारण शाई खालच्या पॅडवरही उतरते. दर टी-शर्टला नवे तुकडे. गुंडाळी पहाटेपर्यंत संपली. जाऊबाईंना मग दोन नव्या दिल्या. आता सब्लिमेशनला मी कोरा न्यूजप्रिंट वापरते, तो स्वस्त पडतो. छापील वर्तमानपत्र मात्र नको, बातम्या छातीवर येतात.

तपकिरी शीट डीटीएफपुरती राहिली. तिने प्रिंटला चकाकी येते, बेकिंगच्या कागदाने जरा मॅट दिसतं. गिऱ्हाईक सांगेल तसं. फक्त शीटला सुरकुती नको, तिची रेघ प्रिंटवर उमटते.

नऊ कोरे टी-शर्ट मुंबईहून रात्रीच्या गाडीने मागवले, पदरचे पैसे घालून. पथकाचा पोरगा न्यायला आला तेव्हा कोपऱ्यातला भुताटकीचा ढीग उचकून म्हणाला, "वहिनी, हे पण द्या की. सगळ्यात खालच्या थराला चालतील, तिथं नाहीतरी पाठच दिसते."

दिले.