अंगाईतले बर्गी

आमच्या शेजारच्या बंगाली काकू नातीला थोपटताना एक अंगाई म्हणतात. बाळ झोपले, आळी शांत झाली, बर्गी देशात आले. धान तर बुलबुलांनी खाल्ले, आता खंडणी कशाने द्यायची, असा तिचा अर्थ. बर्गी म्हणजे कोण, असे मी विचारले तेव्हा काकू क्षणभर घुटमळल्या आणि मग हसून म्हणाल्या, "तुम्हीच की!"

हा शब्द मूळचा आपला 'बारगीर'. स्वतःचे घोडे आणणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतले घोडे घेऊन लढणारा तो बारगीर, एवढाच फरक आपल्याला बखरी वाचून ठाऊक असतो. मात्र 1742 पासून 1751 पर्यंत नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी बंगालवर वारंवार चालून गेल्या आणि तिकडे हा शब्द बागुलबुवाच्या जागी जाऊन बसला. गंगाराम या तत्कालीन बंगाली कवीने 'महाराष्ट्र पुराण' लिहिले आहे. त्यात पोथ्यांचे ओझे घेऊन पळणारे पंडित आणि तराजू-वजने उचलून निघालेले सोनार दिसतात. कलकत्त्याच्या रहिवाशांनी तर मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती खंदकच खणायला घेतला होता, जो पुरा झाला नाही आणि ज्याची गरजही पडली नाही. शेवटी 1751 च्या तहात बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने वर्षाला 12 लाख रुपये चौथाई कबूल केली. आपल्या शालेय इतिहासात हा सगळा प्रकार राज्यविस्ताराच्या एखाद्या ओळीत आटोपतो, आणि ते मला खटकते.

गंमत अशी की, याच बंगालने पुढे शिवाजी महाराजांना डोक्यावर घेतले. मराठी घराण्यातल्या पण बंगालीत लिहिणाऱ्या सखाराम गणेश देउस्करांनी तिकडे शिवाजी-उत्सवाचा प्रसार केला, 1904 मध्ये रवींद्रनाथांनी त्यावर कविता लिहिली, आणि 1906 च्या कलकत्त्यातील उत्सवाला टिळक स्वतः गेले. त्या उत्सवांना जमलेल्यांपैकी कित्येकजण लहानपणी हीच अंगाई ऐकत झोपले असतील.

महाराजही बर्गीच का, असे मी काकूंना मुद्दाम छेडले. "छे, शिवाजी वेगळे," असे त्या ठामपणे म्हणाल्या आणि नात चुळबुळ करू लागली म्हणून पुन्हा बर्गींना बोलावू लागल्या.