पिशवीच्या ऑपरेशननंतरची गळती: माझा अनुभव

गर्भाशयाची पिशवी काढून घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात माझी लघवी आपोआप गळू लागली. खोकला-शिंक आली तेव्हाच नव्हे, तर बसता-उठता, झोपेतसुद्धा. ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात "अशक्तपणाने अंगावरून पाणी जाते" असे सांगून गोळ्या दिल्या गेल्या. वासाच्या धास्तीने मी हळदीकुंकवालाही जाईनाशी झाले. अशा वेळी पाणी कमी प्यावेसे वाटते, पण त्याने लघवी अधिक तीव्र होते आणि मांड्यांची आग वाढते.

खरे निदान झाले ते वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. डॉक्टरबाईंनी नळीवाटे मूत्राशयात निळे औषध भरले, योनीमार्गात एकापुढे एक असे कापसाचे तीन बोळे ठेवले आणि मला थोडे चालायला लावले. बोळे काढले तेव्हा खालचा कोरडा होता आणि मधला निळा झाला होता. फक्त खालचा निळा झाला असता तर गळती मूत्रमार्गातून, आणि वरचा निळा न होता नुसताच भिजला असता तर मूत्रपिंडाकडून येणाऱ्या वाहिनीतून, असे त्यांनी समजावले. मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडले होते. यालाच फिस्टुला म्हणतात. पुढे दुर्बिणीने त्याची जागा पाहिली आणि सीटी स्कॅनमध्ये मूत्रवाहिन्या शाबूत दिसल्या. ही साधी तपासणी पहिल्याच तक्रारीला व्हायला हवी होती, कारण ताजे, लहान छिद्र कधीकधी काही आठवडे लघवीची नळी ठेवूनच बुजते.

माझे तसे बुजण्यासारखे राहिले नव्हते. सूज उतरून कडा निरोगी होईपर्यंत, साधारण ३ महिने, थांबावे लागले. हे थांबणे जिवावर येते, पण पहिल्या दुरुस्तीलाच यशाची शक्यता सर्वाधिक असल्याने घाई करणे योग्य नाही.

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीलाही असेच छिद्र पडले होते, कारण तिचे बाळंतपण अडले होते. बाळाचे डोके फार वेळ अडकून राहिले की मूत्राशय दाबला जातो, रक्तपुरवठा तुटतो आणि मेलेला भाग काही दिवसांनी गळून पडतो. वेळेवर सिझेरियन झाले तर हे टळते. माझ्या बाबतीत आधीच्या सिझेरियनमुळे मूत्राशय पिशवीला चिकटलेला होता, म्हणून पिशवी काढताना त्याला इजा झाली. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जात असल्याबद्दल २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. म्हणून "पिशवी काढा" म्हटले की कारण विचारावे, औषधांनी भागेल का ते पाहावे आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. आपल्या बायका हे विचारायला अजूनही कचरतात, याचे मला फार वाईट वाटते.

छिद्र बुजवण्याचे ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन, खालूनच झाले. मूत्राशय आणि योनीमार्ग सुटे करून ते वेगवेगळ्या थरांत शिवले. त्यानंतर २ ते ३ आठवडे नळी ठेवतात, आणि तेव्हाची काळजी ऑपरेशनइतकीच मोलाची असते: नळीला पीळ पडू नये, लघवी जमा होणारी पिशवी कमरेच्या खाली राहावी, भरपूर पाणी प्यावे आणि लघवी थांबली तर तत्काळ सिस्टरना सांगावे, कारण तुंबलेला मूत्राशय टाक्यांवर ताण देतो. नळी काढण्यापूर्वी औषध भरून एक्स-रे काढला, गळती नव्हती. पुढे ३ महिने शरीरसंबंध आणि जड उचलणे वर्ज्य होते. सुरुवातीला वारंवार लघवीची घाई होत असे, ती हळूहळू कमी झाली.