पाह्याचं पाणी

परवा दुपारी अकोटच्या स्टँडबाहेर रसवंतीवर बसलो होतो. मे महिना, लाइन गेलेली. समोर एक काळीपिवळी येऊन थांबली. कॅरिअरवर दोरीनं बांधून ओले कपडे वाळत घातलेले : पोट्ट्यांच्या चड्ड्या, एक फुलाफुलांचा बर्म्युडा, आणि मधोमध एक हिरवं लुगडं, त्याचा पदर मागच्या काचेवर फडफडतोय. आत लेकरं दमून एकमेकांच्या अंगावर झोपलेली. खिडकीपाशी बसलेल्या म्हातारीच्या मांडीवर हवा काढलेली पिवळी ट्यूब होती, देव्हाऱ्यातलं वस्त्र ठेवावं तशी चौघडी घालून ठेवलेली.

"कुठून राजेहो?" रसवाल्यानं विचारलं.

"पाण्यातून," ड्रायव्हर म्हणाला आणि सहा हाफ सांगितले.

आमच्या भागात एवढं उत्तर पुरतं. कोणतं वॉटर पार्क, किती तिकीट, कोणी विचारत नाही. पाण्यातून आले, म्हणजे मजेतून आले. आम्हाला समुद्र नाही. पाहायचा तर मुंबईच्या गाडीत रात्र काढावी लागते, आणि तिथं गेल्यावर नातेवाईक म्हणतात, चौपाटीचं काय एवढं, उद्या जाऊ. उद्या आपण परत निघालेलो असतो.

आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यातलं. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून नदीच्या दोन्ही अंगांनी जो खारपाणपट्टा पसरलेला आहे, त्याच्या बरोबर पोटात. विहीर आहे, विहिरीला पाणी आहे, पाण्याला चव आहे, आणि तीच तर पंचाईत. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. वावराला द्यावं तर काळी माती वरून पांढरी पडते आणि पुढच्या हंगामात ढेकूळ फुटत नाही. म्हणून शेती सगळी आभाळावर, आणि रब्बीचा हरभरा जमिनीतल्या ओलाव्यावर. डोंगराकडच्या गावांतून आलेली नवी सून पहिला चहा पिते तेव्हा ती काय तोंड करते, हे पाहायला घरातल्या बाया मुद्दाम चुलीपाशी रेंगाळतात. पुढं सवय होते. आता वान धरणाचं पाणी नळानं येतं, चौऱ्याऐंशी खेड्यांची योजना म्हणतात तिला. आलं की गावभर आरोळी होते, आणि त्या घटकेला पाहुणा दारात उभा असला तरी त्याला आधी ड्रम भरू लागावा लागतो.

गंमत अशी की आमच्याच शेजारच्या जिल्ह्यात लोणारला उल्का पडली, खड्डा झाला, खड्ड्यात खारं पाणी साचलं आणि ते पाहायला विलायतेहून माणसं येतात. २०२० साली ते पाणी गुलाबी झालं तेव्हा पेपरात रंगीत फोटो आले. आमच्या विहिरीही खाऱ्याच आहेत, पण उल्का न पडता खाऱ्या झाल्या, त्यामुळं त्यांना तेवढा मान नाही.

तर सहल म्हणजे पाणी, हे मनात बसलं ते लहानपणी शेगावला. महाराजांच्या दर्शनाला आम्ही नेहमीच जायचो. दर्शन, महाप्रसाद, स्टेशनवरची कचोरी आणि परत. पण संस्थाननं आनंदसागर नावाची मोठी बाग उभारली आणि सगळं गणित बदललं. मोठे बाबा एकदा एकटेच पाहून आले आणि पारावर बसून सांगू लागले, "पाणी म्हणजे, पाणीच पाणी! मधात बेट. बेटावर देऊळ, कन्याकुमारीले हाय नं, तसं." मोठे बाबा कन्याकुमारीला कधी गेले नव्हते, पण ऐकणाऱ्यांपैकीही कोणी गेलं नव्हतं, त्यामुळं अडलं नाही. तळ्यातलं ते ध्यानकेंद्र खरोखरच विवेकानंद शिलास्मारकाच्या धर्तीवर बांधलेलं आहे, हे मला फार पुढं कळलं.

कापूस विकला गेला आणि मॅटाडोर ठरली. आजीनं पहाटे उठून पोळ्या, मिरचीचा ठेचा, आलू-वांग्याची कोरडी भाजी फडक्यात बांधली. त्याशिवाय तिनं दोन रिकाम्या कॅना घेतल्या. गोडेतेलाच्या, राखेनं घासून उन्हात वाळवलेल्या. वाटेत कुठं गोड पाणी लागलं तर. सहलीला रिकामी कॅन घेऊन निघणारी माणसं दुसरीकडं असतील की नाही कोण जाणे, आमच्याकडं कोणी त्याकडं वळूनही पाहिलं नाही. उलट मोठी माय म्हणाली, "दोनच?"

आत गेल्यावर आम्ही पोट्टे झोक्यांकडं सुटलो. आजीला मात्र झुकझुक गाडीनं धरलं. आजीचं माहेर अंजनगावकडचं, पानमळ्यांच्या मुलखातलं, आणि तिचं सगळं येणंजाणं शकुंतला रेल्वेनं झालेलं. मुर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, एक यवतमाळला, अडीच फुटांची लाइन, कापूस वाहायला इंग्रजांच्या काळात टाकलेली. १९९४ पर्यंत तिला कोळशाचं इंजिन होतं. आजी म्हणायची, माहेरी जाताना डोळ्यात कोळसा गेला की बरं वाटायचं, आणि सासरी येताना गेला की रडायला निमित्त व्हायचं. तर आजी त्या लहानशा डब्यात बसली, लुगडं सावरलं, शिदोरीचं फडकं मांडीवर घेतलं आणि शेजारच्या अनोळखी बाईला गंभीरपणे म्हणाली, "आता बनोसा येईन, मंग अंजनगाव." ती बाई बुलढाण्याकडची असावी. ती बिचारी खिडकीतून स्टेशन शोधू लागली. गाडी फेरी मारून होती तिथंच आली, तरी आजी उतरेना. पुन्हा तिकीट काढलं. मोठे बाबा कुरकुरले, पण काढलं.

आबाजी तळ्याच्या काठाशी उभे होते. रेलिंगला दोन्ही हात, टोपी मागं सरकलेली. देवळात उभे राहायचे त्याहून ताठ. मी जवळ गेलो तर तोंडातल्या तोंडात काही चाललेलं. जप करतात असं वाटलं. ते हिशेब करत होते. एवढ्या पाण्यात हरभरा किती एकर भिजेल, गहू पेरला तर किती, आणि गव्हाला चार पाणी द्यायचं म्हटलं तर गावातल्या कोणाकोणाच्या वावरापर्यंत ते पोचेल. नावांसकट. दत्तूचं वावर पोटात घ्यावं की नाही यावर ते थोडे अडले होते, कारण दत्तूशी आमचा धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद होता.

तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांतला एक सेवाधारी आला. शेगावात सगळे सगळ्यांना माउली म्हणतात, ते मला फार आवडतं. शाळेत मास्तर ज्याला गाढव म्हणायचे त्या मलाही तिथं पांढऱ्या केसांची माणसं माउली म्हणाली. आबाजींनी त्याला विचारलं,

"माउली, हे पाणी गोड हाय काय?"

सेवाधारी हसला नाही. त्याचंही गाव जवळचंच असणार. म्हणाला, "हे पाह्याचं पाणी हाय माउली. प्याचं तिकडे." आणि नळांकडं बोट दाखवलं.

आबाजींना ते उत्तर पटलं. घरी आल्यावर सगळ्यांना सांगायचे, "दोन परकारचं पाणी असते. एक पाह्याचं, एक प्याचं. आपल्या इहिरीचं दोन्हीतलं नाही." कॅना अर्थातच भरून आणल्या. त्या पाण्याचं वरण केलं, आणि एका शिट्टीत डाळ शिजली म्हणून मोठ्या मायनं कुकरचं झाकण उघडून शेजारणीला बोलावून दाखवलं.

माझी बायको साकोलीकडची. भंडारा म्हणजे तळ्यांचा जिल्हा. मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, वेळी कोहळी लोकांनी उतार पाहून पाळी म्हणजे मातीचे बांध घातले, पाणी अडवलं आणि धान पिकवला. मालगुजारी गेली, तळी सरकारकडं आली, माजी मालगुजारीचं लोकांनी मामा तलाव करून टाकलं. तिच्या गावात घरामागं तळं, तळ्यात शिंगाडे, ढिवरांची जाळी, काठाला म्हशी आणि धुणं. लग्नानंतर मी तिला मोठ्या हौसेनं शेगावला नेलं, तळ्यापाशी उभं केलं आणि तिच्या चेहऱ्याकडं पाहत राहिलो. तिनं इकडंतिकडं पाहिलं.

"चांगलं आहे जी," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आमच्याकडे एवढी बोडी असते."

बोडी म्हणजे त्यांच्याकडं तळ्याचं पिल्लू. मी त्या दिवशी कचोरीसुद्धा रागानं खाल्ली. तिला झुकझुक गाडी आवडली, बागेतली फुलं आवडली, स्वच्छता फार आवडली, पाण्याकडं मात्र तिनं पुन्हा वळून पाहिलं नाही. आणि पहिल्या वर्षी आमच्या घरच्या पाण्याचा चहा मात्र ती डोळे मिटून प्यायची. माहेराहून येताना सगळ्या पोरी पापड-कुरड्या आणतात. हिनं एकदा एसटीतून कॅन आणली. आजीनं ती कॅन उतरवून घेतली आणि त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

आता पोरांच्या पिढीला नुसतं पाहायचं पाणी चालत नाही, त्यांना पडायचं पाणी लागतं. शहरांच्या बाहेर रस्त्याला लागून निळ्या घसरगुंड्या दिसतात, ती पार्कं. दारावर नायलॉनचे कपडे भाड्यानं मिळतात, कारण सुती कपड्यांचे धागे सुटून फिल्टरात अडकतात. आमच्या घरच्या बायका त्या काउंटरपाशी उभ्या राहून एकमेकींकडं पाहून जे हसतात, तेवढ्याचेच तिकिटाचे पैसे वसूल. मोठी माय तर गुडघ्यापर्यंतची ती पॅन्ट चढवून, वरून लुगडं तसंच ठेवून, पाण्यात उतरली होती. काठावर लक्ष ठेवणाऱ्या पोऱ्यानं शिट्टी मारली. तिनं त्याला हात जोडून नमस्कार केला आणि पुढं गेली.

मी पाण्यात उतरत नाही. मी सामानावर बसतो.

लॉकर असतं, पण त्याला वेगळे पैसे पडतात, आणि चपला काही लॉकरमध्ये ठेवायच्या नसतात, म्हणून प्रत्येक कुटुंबाला एक माणूस सामानावर लागतो. हे पद मी स्वतः मागून घेतलेलं आहे. झाडाखालची किंवा पत्र्याखालची जागा हेरायची, चटई अंथरायची, पिशव्यांचं कडं करायचं, मोबाइल सगळे एका टिफिनच्या डब्यात, बायकांच्या बांगड्या रुमालात, आणि वर आपण. लोकांना वाटतं हा बिचारा राहून गेला. अजिबात नाही. फराळाची पिशवी ज्याच्या ताब्यात, त्याला सगळं जग विचारत येतं. ओल्या हातानं चिवड्यात हात घालणाऱ्याला मी सरळ परत पाठवतो. आधी पूस. चिवडा नरम पडला की सहल संपली, असं माझं मत आहे, आणि ते बदलणार नाही.

शिवाय शेजारच्या चटईवर असाच एक माणूस असतोच. सामानावर बसणाऱ्यांची आपसांत ओळख लागायला वेळ लागत नाही. कोणत्या गावचे, पाऊस कसा, सोयाबीन किती झालं, बोंडअळी. समोर मोठा हौद, भोंगा वाजतो, मोटार सुरू होते, आणि आमच्या डोळ्यांदेखत लाटा निघतात. जन्मात समुद्र न पाहिलेली अख्खी माणसं एका सुरात किंचाळतात. मोटार बंद, लाटा बंद. पुन्हा भोंग्याची वाट.

मागच्या वेळी शेजारी जो होता तो संग्रामपूरकडचा. साठीचा असेल, पांढरा पायजमा, पायाशी वीसेक चपलांचा ढीग, मांडीवर नातवाचा टॉवेल. गप्पा जमल्या. मी चहा सांगितला तर नको म्हणाला. आग्रह केला तर पिशवीतून पाण्याची बाटली काढून दाखवली. तिच्यावर पेनानं रेघा मारलेल्या होत्या.

"डॉक्टरनं मोजून सांगतलं हाय भाऊ. या रेघेलोक दुपारपर्यंत. मंग या. चहा पेलो तर त्यातूनच कापा लागते."

संग्रामपूर, जळगाव जामोदच्या बाजूला गावोगाव किडनीचे पेशंट आहेत, आणि लोक बोट त्या खाऱ्या पाण्याकडंच दाखवतात. मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत आहे. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, डायलिसिस कुठं करता? अकोल्याला, म्हणाला. आठवड्यातून दोनदा. एसटीनं जातो. भोंगा वाजला, लाटा सुटल्या, त्याचा नातू हौदातून ओरडत होता, "आबा, इकडं पाह्य, इकडं पाह्य!" त्यानं हात हलवला. मग बाटलीचं झाकण फिरवून एक लहानसा घोट घेतला, रेघ पाहिली आणि झाकण लावून ती चपलांच्या मागं सावलीत ठेवली.

मी माझा चहाही परत पाठवला. पाठवायला नको होता, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

"कापसाले काय भाव राहीन औंदा?" त्यानं विचारलं.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

भाव काही त्या साली बरा मिळाला नाही. घरी पोट्टे आतापासूनच विचारतात, पुन्हा कधी जायचं. बायको म्हणते साकोलीला चला, फुकटात पोहायला मिळेल. मोठी माय म्हणते शेगाव. जाऊ कुठंतरी. कापूस तर घरात येऊ द्या.