कोऱ्या जीन्सची अडीच वर्षं

कोऱ्या कापडाला खळीचा आणि निळीचा एक वेगळाच वास असतो. अडीच वर्षांपूर्वी पहिली रॉ डेनिम घेतली, तेव्हा मला आधी आवडला तो हा वास. रॉ म्हणजे कोरीच: शिवल्यानंतर न धुतलेली, दगडांनी घासून किंवा रसायनांनी मुद्दाम जुनी न केलेली. एरवी मांडीवरचा फिकटपणा कारखान्यातूनच येतो. इथे तो घालणाऱ्याने आपल्या बसण्या-उठण्यातून आणायचा. मला तेच हवं होतं.

माझी १४ औंसाची होती, म्हणजे एक चौरस यार्ड कापडाचं वजन १४ औंस. पहिले दोन आठवडे गुडघा वाकवला की कापड अडून बसायचं आणि बसल्यावर गुडघ्यामागे काचायचं. बोटांना निळा रंग लागायचा, फिक्या रंगाच्या खुर्चीवर बसायची भीती वाटायची. पण याच दिवसांत खळीमुळे चुण्या धारदार पडतात आणि पुढे रंग जातो तो त्याच चुण्यांच्या माथ्यांवरून. म्हणून काचत असूनही मी ती रोज घातली.

त्याआधी एक निर्णय घ्यावा लागला होता. घालण्यापूर्वी पाण्यात भिजवायची की नाही? भिजवली तर थोडी खळ जाते आणि चुण्या जरा मऊ पडतात. पण कापड सॅन्फोराइज्ड, म्हणजे आधीच आकसवलेलं असलं, तरी पहिल्या पाण्यात आणखी एक ते तीन टक्के आटतं. ३२ इंच लांबीच्या पायात ते जवळपास इंचभरापर्यंत जाऊ शकतं. (न आकसवलेलं कापड सात ते दहा टक्के आटतं, तिथे भिजवल्याशिवाय माप ठरवूच नये.) मी कोमट पाण्यात पाऊण तास भिजवली, सावलीत वाळवली आणि मगच पायांची उंची कापून घेतली. कापलेले तीन-तीन इंचांचे दोन तुकडे कपाटात ठेवून दिले.

ही जीन्स अशी का विटते, याचं उत्तर धाग्याच्या पोटात आहे. नीळ, म्हणजे जीन्सला निळं करणारा इंडिगो रंग, पाण्यात विरघळत नाही. तिला कुंडात रासायनिक क्रियेने विरघळती करतात, तेव्हा ती पिवळसर हिरवी होते. त्यात सूत बुडवून हवेत उचललं की ते निळं होतं. पुन्हा बुडवायचं, पुन्हा उचलायचं. असं कितीही वेळा केलं तरी रंग धाग्याच्या बाहेरच्या थरातच बसतो, गाभा पांढरा राहतो. त्यातही फक्त ताणा, म्हणजे उभे धागे, रंगवलेला असतो; बाणा, म्हणजे आडवे धागे, पांढराच. जिथे घासलं जातं तिथला थर झिजतो आणि पांढरं वर येतं. मीठ किंवा व्हिनेगर घालून रंग पक्का करण्याचा सल्ला मला दोघा-तिघांनी दिला होता. निळीच्या बाबतीत त्याचा काही उपयोग नाही.

चौथ्या महिन्यात जांघेपासून बाजूंना फाकणाऱ्या रेघा दिसू लागल्या, ज्यांना व्हिस्कर्स म्हणतात. सहाव्यात गुडघ्यामागे मधाच्या पोळ्यासारखी जाळी उमटली. उजव्या खिशावर फोनचा चौकोन आला. आरशासमोर पाठ वळवून मी ती जाळी कितीदा पाहिली असेन!

माझी खरी चूक याच काळात झाली. जितकं उशिरा धुवाल तितके ठसे उठावदार होतात, हे बरोबर आहे. मी त्याचा अर्थ ‘धूच नका’ असा घेतला. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातली एक चाचणी माझ्या तोंडपाठ होती: एका विद्यार्थ्याने १५ महिने न धुता जीन्स घातली, मग धुऊन १३ दिवस घातली आणि दोन्ही वेळा जिवाणूंची संख्या साधारण सारखीच निघाली. यावरून घाणीने काही बिघडत नाही असं मी मनाशी ठरवून टाकलं. वास यायला लागला तेव्हा जीन्स रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली. दुपारपर्यंत वास परत आला, कारण थंडीने बरेचसे जिवाणू मरत नाहीत, नुसते गप्प बसतात.

आठव्या महिन्यात खाली बसताना जांघेत टर्रकन आवाज झाला. उलटी करून पाहिली तर शिवणीजवळ निळा ताणा झिजून गेला होता, पांढऱ्या बाण्याचे धागे तेवढे जाळीसारखे उरले होते. त्या चाचणीत जिवाणू मोजले होते, कापडाची झीज नव्हे. धूळ धाग्यांमध्ये शिरून त्यांना घासत राहते, आणि जिथे घाम मुरतो आणि मांड्या एकमेकींवर घासतात तिथे कापड सगळ्यात आधी हार मानतं. मला फार वाईट वाटलं. ठसे जपायच्या नादात मी कापडच जपलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी पहिली धुलाई केली. जीन्स उलटी करून, बटणं लावून, गार पाण्यात, ब्लीच आणि चमक आणणारी द्रव्यं नसलेल्या सौम्य साबणात चाळीस मिनिटं ठेवली. हातानेच हलवली, पिळली नाही. पाणी इतकं गडद झालं की सगळी मेहनत वाहून गेली असं वाटून माझे हात थांबले. सावलीत वाळल्यावर पाहतो तर उलटंच: मळाचा करडा थर गेल्याने पांढरं अधिक पांढरं आणि निळं अधिक स्वच्छ दिसत होतं. ज्या रेघा मला अंधूक वाटायच्या, त्या आता खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही कळत होत्या.

मग कपाटातला एक तुकडा काढला. आतून ठिगळ म्हणून ठेवला आणि वरून निळ्या दोऱ्याने जवळजवळ टाके घालत रफू केलं. तेव्हापासून साधारण दीड-दोन महिन्यांनी धुतो, घाम जास्त आला असेल तर त्याआधीच. दर वेळी उलटी केली की पांढऱ्या धाग्यांवर बोट फिरवून झीज कुठे वाढली ते पाहतो. गेल्या महिन्यात डाव्या गुडघ्यापाशी तसंच पातळ लागलं. या वेळी फाटायची वाट पाहिली नाही, दुसरा तुकडा तिथे लावला.

जांघेतल्या रफूच्या फटीतून पहिल्या ठिगळाचा कोपरा बाहेर डोकावतो. सुरुवातीला तो भोवतालच्या कापडापुढे जवळजवळ काळा दिसायचा. परवा धुतल्यावर पाहिलं, त्याच्या कडेलाही आता पांढरं दिसायला लागलं आहे.