वॉशिंग्टन: एका आडनावाच्या मूळ गावी

इंग्लंडच्या ईशान्येतल्या न्यूकॅसलहून दक्षिणेकडे बसने निघालं की वॉशिंग्टन फार लांब नाही. रेल्वेचा विचार करू नका, इथल्या प्रवासी गाड्या १९६३ मध्येच बंद झाल्या. बसमधून उतरतानाही फसगत होऊ शकते. १९६४ पासून सरकारने इथे नवं शहर वसवलं, त्यामुळे मुख्य बसस्थानक दुकानांच्या संकुलापाशी आहे. आपल्याला जायचंय 'वॉशिंग्टन व्हिलेज'ला. तिथे मधोमध हिरवळ आहे, उंचवट्यावर होली ट्रिनिटी चर्च आहे आणि त्याच्या शेजारीच वॉशिंग्टन ओल्ड हॉल. हॉल जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. उघडण्याचे दिवस हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्याआधी ते पाहून घ्या.

जगभर गाजलेलं हे आडनाव मुळात या गावाचं नाव आहे. 'वासा' नावाच्या कुणा माणसाच्या लोकांचं 'टून', म्हणजे वस्ती, वाडी. आपण गावाच्या नावाला 'कर' जोडतो. इंग्रजांकडे सुरुवातीला गावाच्या नावाआधी 'द' (de, म्हणजे 'चा') लागायचा आणि पुढे तो गळून पडला.

जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घराण्याची कथा सुरू होते ती बोल्डन बुकमध्ये. राजाने करवलेल्या इंग्लंडच्या जमिनींच्या १०८६ च्या डूम्सडे पाहणीत डरहॅमचा मुलूख घेतलाच नव्हता. जवळजवळ शंभर वर्षांनी, ११८३ मध्ये, डरहॅमचे बिशप ह्यू द प्यूसे यांनी आपल्या गावांची जमाबंदी लिहून घेतली, तेच हे बोल्डन बुक. त्यातली नोंद अगदी मोजकी आहे. हर्टबर्नच्या विल्यमने आपलं हर्टबर्न गाव सोडून दिलं आणि त्याच्या बदल्यात वॉशिंग्टन घेतलं, चर्च आणि चर्चची जमीन वगळून. त्यासाठी त्याने ४ पौंड द्यायचे आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला ४ ग्रेहाउंड कुत्रे घेऊन हजर राहायचं. रोख आणि चाकरी दोन्ही एका ओळीत.

मला या नोंदीतला माणूसच सर्वात मोलाचा वाटतो. काल 'हर्टबर्नचा' असलेला विल्यम वतन बदलताच 'वेसिंग्टनचा' (वॉशिंग्टनचं जुनं रूप) झाला आणि त्याचे वंशज तेच नाव लावत राहिले. आडनावं तेव्हा अजून घट्ट झालेली नव्हती. त्यातही एक फरक ध्यानात ठेवायला हवा. जमीनदार गावात राहायला आला की त्याला गावाचं नाव मिळे. साध्या माणसाला मात्र ते बहुधा गाव सोडल्यावर मिळे, कारण मूळ गावात सगळेच तिथले, मग ओळख पटायची कशी? आपल्याकडेही साताऱ्यात कुणाला कुणी सातारकर म्हणत नाही.

हॉलमध्ये शिरल्यावर थेट स्वयंपाकघर आणि मोठ्या दालनामधल्या दगडी कमानींपाशी जा. आजची बरीचशी इमारत सतराव्या शतकातली, पण या कमानी मध्ययुगीन आहेत. विसाव्या शतकात वाड्याचं भाडेकरूंनी भरलेलं, मोडकळीला आलेलं घर झालं होतं. गावकऱ्यांनी १९३६ च्या सुमारास समिती नेमून ते पाडण्यापासून वाचवलं. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७७ च्या भेटीत गावात झाड लावलं होतं.

न्यूकॅसलहून डरहॅम ट्रेनने जेमतेम पाव तासावर. तिथल्या कॅथेड्रलच्या आवारात जॉन वेसिंग्टन यांची स्मृतिशिला आहे. १४१६ ते १४४६ ते इथले प्रायर, म्हणजे मठाचे प्रमुख होते.

पुढचा टप्पा लांबचा आहे: नॉर्दम्पटनशरमधलं सलग्रेव्ह. बॅनबरी स्टेशनवर उतरून टॅक्सी करावी. घराण्याची एक शाखा आधी लँकशरला गेली, तिथून लॉरेन्स वॉशिंग्टन नॉर्दम्पटनला आला, लोकरीच्या व्यापारात शिरला, शहराचा मेयर झाला. मठांच्या जमिनी जप्त झाल्यावर १५३९ मध्ये त्याने सलग्रेव्हची जमीन विकत घेतली. तिथल्या वाड्याच्या देवडीवर दाराच्या कमानीच्या कोपऱ्यांत नीट पाहा: वर तीन तारे, खाली दोन आडवे पट्टे. हे या घराण्याचं कुलचिन्ह. अमेरिकेच्या राजधानीच्या झेंड्यावर तेच आहे, पांढऱ्यावर तांबडं. लॉरेन्सच्याच वंशातला जॉन १६५६-५७ च्या सुमारास व्हर्जिनियाला गेला. जॉर्ज वॉशिंग्टन त्याचे पणतू.

या आडनावाचा माग काढणाऱ्यांची गल्लत कुठे होते, तेही सांगतो. ससेक्समध्येही वॉशिंग्टन आहे, डूम्सडेत 'वासिंगेट्यून' म्हणून नोंदलेलं. डर्बीशरमध्ये वेसिंग्टन आहे, पण डूम्सडेत ते 'विस्टानेस्ट्यून' आहे, म्हणजे त्याचा उगमच निराळा. तेव्हा जुन्या कागदात 'वेसिंग्टन' दिसलं की आधी परगणा पाहा, मग कुळ जोडा. आणि स्पेलिंग एकच धरून शोधू नका, एकाच घराण्याच्या कागदांत ते वेगवेगळं येतं.

अमेरिकेत २००० च्या जनगणनेत हे आडनाव लावणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक कृष्णवर्णीय होते. गुलामगिरीतून सुटल्यावर अनेकांनी ते स्वतः निवडलं, पुढे शिक्षणतज्ज्ञ झालेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी शाळेत नाव विचारल्यावर तेच सांगितलं. या घराण्यांचा माग डरहॅममध्ये शोधून उपयोग नाही. त्यांच्यासाठी १८७० च्या जनगणनेपासून सुरुवात करावी. १८६५ मध्ये मुक्त झालेल्यांची नावं देशाच्या जनगणनेत पहिल्यांदा तिथे लिहिली गेली.